मंगळवारवर मंगळवार

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी रेडिओतून शिंक आली आणि निवेदकाच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. शिंक त्याचीच होती, याबद्दल शंका नव्हती. स्वतःची शिंक माणूस ओळखतो. पण ती आजची नव्हती. आज चार वाजता त्याने बातम्या ध्वनिमुद्रित केल्या तेव्हा त्याचं नाक मोकळं होतं, घसा साफ होता. शिंक गेल्या मंगळवारची होती. त्यापाठोपाठ गेल्या मंगळवारची दिलगिरीही आली, आणि मग गेल्या मंगळवारच्या बातम्या एकामागून एक शिस्तीत येऊ लागल्या. दुरुस्तीसाठी नदीवरचा पूल उद्यापासून बंद. हा पूल दुरुस्त होऊन सोमवारीच उघडला होता आणि तासाभरापूर्वी निवेदक बसमधून त्यावरूनच घरी आला होता. आपण आलो त्या पुलावरून आपल्याला येता येणार नाही, असं आपणच आपल्याला सांगतो आहोत, आणि तेही अतिशय शुद्ध उच्चारांत, हे ऐकताना त्याला आधी गंमत वाटली. मग गंमत ओसरली. तो उठून पॅसेजमधल्या फोनपाशी जाऊन उभा राहिला. एकतीस वर्षं रोज बातम्यांच्या शेवटी तो सूचना-तक्रारींसाठी हाच नंबर देत आला होता. शहरात आपल्या छोट्या भाषेची माणसं किती, याचा आकडा दर शिरगणतीत घटत असला तरी दहा मिनिटांच्या बातम्या अख्ख्या आठवड्याने शिळ्या निघाल्यावर एखादा तरी खवळून उठेल. शिव्या देईल. निवेदकाने शिव्या ऐकायची मनाची तयारी केली. इतकंच काय, शिव्या आपल्या भाषेतच असाव्यात, अशी अपेक्षाही केली. पावणेसातला फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, गोळ्या घेतल्या का?" तिने शहराच्या मोठ्या भाषेत विचारलं. ती त्याच्याशी मोठ्या भाषेतच बोले.

"घेतल्या. तू आज रेडिओ ऐकलास?"

"कुठला रेडिओ?"

त्यानंतर फोन वाजला नाही. साडेआठला त्याने रिसीव्हर उचलून टोन येतो का पाहिलं. टोन येत होता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ध्वनिमुद्रकाचा गाल सुजलेला होता. हा माणूस त्याच्यासमोर काचेपलीकडे सव्वीस वर्षं बसत आला होता, त्याला आपली भाषा अजिबात येत नव्हती आणि दोन वर्षांत तो निवृत्त होणार होता. त्याची कामाची रीत सोपी होती. कॉम्प्युटरवर सात फायली, सात वारांच्या नावाच्या. दर मंगळवारी नवा मंगळवार जुन्या मंगळवारवर चढवायचा म्हणजे जुना आपोआप पुसला जातो. जागा वाचते, डोकं वाचतं. काल दाढ ठणकत होती, चढवायचा राहिला.

"चुकलं, मास्तर," गालावर हात ठेवून तो म्हणाला. "कुणाची तक्रार आली का हो?"

"नाही."

"मग वाचलो!" तो मनापासून म्हणाला. "मला वाटलं, आता मेमो येतो. तुमचे श्रोते फार समजूतदार."

निवेदकाला त्या दिवशी बातम्या वाचताना पहिल्यांदाच मायक्रोफोन दिसला. म्हणजे तो रोज समोर असे, पण त्यातून पलीकडे पाहायची सवय होती. पलीकडे कोण आहे असं विचारलं असतं तर त्याला एक खोली सांगता आली असती, तिच्यात आजूबाजूला बसलेली, ऐकत असलेली माणसं, कुणी भाजी चिरत, कुणी बूट काढत. ही खोली त्याने पंचवीसेक वर्षांपूर्वी कधीतरी मनाशी सजवली होती आणि नंतर तिच्यात जाऊन पाहिलंच नव्हतं. आता मायक्रोफोन म्हणजे नुसती जाळी होती, काळी, आणि जाळीत त्याच्याच थुंकीचे बारीक कण वाळलेले.

शुक्रवारी केंद्रप्रमुख बाईंनी बोलावलं. बाई तरुण होत्या, हसतमुख होत्या आणि त्यांना आपल्या भाषेबद्दल कळवळा होता, म्हणजे त्यांच्या खोलीत तिच्या लिपीचं एक चित्र फ्रेम करून टांगलेलं होतं. ते उलटं टांगलेलं आहे हे निवेदकाने चार वर्षांत सांगितलं नव्हतं. बोलावण्याचा शिळ्या बातम्यांशी किंवा चित्राशी काही संबंध नव्हता, वरून परिपत्रक आलं होतं. छोट्या भाषांच्या प्रक्षेपणांची पडताळणी व्हायची होती. बाईंनी त्याला एक छापील कागद दिला. त्यावर श्रोत्याची सही हवी होती आणि दोनच प्रश्न होते. आपण हे प्रक्षेपण नियमित ऐकता का? आपल्याला ते समजते का?

"किती सह्या लागतील?" त्याने विचारलं.

"आकडाच दिलेला नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. "मी नीट वाचलंय. एक असला तरी चालेल. पुढच्या मंगळवारी मी स्वतः रेकॉर्डिंगला बसेन, रिपोर्ट पाठवेन, झालं. अजून एक कलम आहे, मोठ्या भाषेच्या माणसाला प्रक्षेपण समजत असेल तर स्वतंत्र वेळ द्यायची गरज नाही, असं. पण तुम्हाला त्याची काय काळजी? तुमचं तर मला एक अक्षर कळत नाही!"

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं आणि त्याने ते कौतुक म्हणूनच घेतलं. बसमध्ये कागदाची घडी खिशात चाचपत तो खुश होता, कारण एक श्रोता त्याच्याकडे नक्की होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर, खिडकीत रेडिओ ठेवून त्याची थोरली बहीण, अक्का, रोज सहाला बसे. भावोजी होते तोवर दोघं बसत. गेली तीन वर्षं ती एकटी. आणि ते एक अक्षर न कळणं काही आकाशातून पडलं नव्हतं. त्यामागे कष्ट होते. त्याची गोष्ट निवेदकाला बसमध्ये आपोआप आठवत गेली, कारण हल्ली बसमध्ये बसलं की त्याला दुसरं काही होत नसे. आजोबांच्या पिढीत आपली माणसं या शहरात मजुरीला आली, तेव्हा सोबत भाषेखेरीज फारसं सामान नव्हतं, आणि भाषाही गावातली. तिच्यात नांगराच्या भागांना सोळा शब्द आणि जिन्याला एकही नाही. मग शहराने एकेक वस्तू दाखवली आणि वस्तूबरोबर मोठ्या भाषेतला शब्दही फुकट दिला. नळ, टाकी, लिफ्ट, डॉक्टर, बॉयलर. आया तेच बोलत, बाप तेच बोलत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटलं ते पुढच्या पिढीतल्या पाच शिकलेल्या माणसांना. एक शाळामास्तर, एक नर्स, एक टायपिस्ट, एक शिंपी आणि निवेदक. दर शनिवारी ते धुलाईकेंद्राच्या वरच्या खोलीत जमत आणि परक्या शब्दांना बाहेरची वाट दाखवत. लिफ्टला त्यांनी शब्द केला, त्याचा अर्थ साधारण 'ऊर्ध्वगामी कक्ष' असा होईल. नळ झाला 'धारामुख'. बैठकीचा नियम असा, की ज्याच्या तोंडून मोठ्या भाषेतला शब्द निसटेल त्याने पुढच्या शनिवारी बिस्किटं आणायची. शिंपी दर शनिवारी बिस्किटं आणी. हळूहळू तो बोलायचाच बंद झाला, नुसती बिस्किटं आणून ठेवी, आणि एका शनिवारी बिस्किटं आली नाहीत तेव्हा इतरांना कळलं की शिंपी आलेला नाही. शाळामास्तर वारले, नर्स मुलाकडे परगावी गेली, टायपिस्ट वारला. समिती मात्र मोडली नाही. अध्यक्ष, चिटणीस आणि गणपूर्ती असा सगळा कारभार निवेदक एकटा पाहत असे. चार हजार एकशे बारा शब्द वहीत होते आणि प्रत्येक शब्द त्याने निदान एकदा बातम्यांत वापरला होता. यांतला एकही शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडी त्याने ऐकला नव्हता, हेही खरं. पण बी पेरल्यावर कुणी जमीन उकरून पाहत नाही, असं तो स्वतःला समजावत असे.

बस सिग्नलला थांबली आणि त्याला मुलगी आठवली, सहा वर्षांची, पाठीवर दप्तर. दारातूनच ओरडत यायची, आपल्या भाषेत, धबधब्यासारखी. बाबा, आज बस बंद पडली, ड्रायव्हरकाका खाली उतरले. तो तिला थांबवायचा. बस नाही, काय म्हणायचं? ती म्हणायची. ड्रायव्हर नाही, काय म्हणायचं? ती आठवून म्हणायची. मग काय झालं? पण तोवर काय झालं ते तिच्या चेहऱ्यावरून गेलेलं असे. एके दिवशी ती दारातून शांतपणे आली, दप्तर ठेवलं आणि बस पुन्हा बंद पडल्याचं तिने मोठ्या भाषेत सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता. मोठ्या भाषेत तिला कुणी टोकत नव्हतं. त्याने त्या दिवशी तिला टोकलं नाही, कारण वाक्यात चूक नव्हती. त्याला आठवतं, तो मनात म्हणाला होता, किती नीट बोलते.

रविवारी तो अक्काकडे गेला. लिफ्ट चालू होती, तिच्यात फिनेलचा वास होता आणि आरशावर कुणीतरी नखाने बदाम कोरला होता. दार उघडताच अक्का म्हणाली, "ये धाकट्या. पाय धुवायला पाणी नाही, तसाच ये."

"पाणी नाही?"

"सकाळपासून थेंब नाही. नळ नुसता खाकरतोय. मेले आधी सांगत नाहीत, काही नाहीत. माणसाने बादलीभर भरून तरी ठेवली असती." सत्याहत्तर वर्षांची, हाताने खुर्च्यांच्या पाठी धरत धरत ती स्वयंपाकघरात गेली. "चहापुरतं आहे किटलीत. कालचं."

"अक्का, सांगितलं होतं की."

"कुणी?"

"मी. काल. पहिलीच बातमी होती. तुझ्या भागाचं नाव घेऊन सांगितलं."

अक्काने गॅस पेटवला. काडी विझवून ती सिंकमध्ये टाकली आणि वळून पाहिलं नाही. "असेल," ती म्हणाली. "माझं लक्ष नसेल."

"ऐकलं नाहीस का काल?"

"ऐकलं तर! न ऐकून कुठे जाते?" आणि मग विषय बदलायचा म्हणून, पण तिला वाटलं त्याहून भलत्याच दारात नेणारा, असा प्रश्न तिने विचारला. "सर्दी गेली का तुझी? मागच्या मंगळवारी होती, या मंगळवारीही शिंकलास. म्हटलं, आठवडा उलटला तरी हटत नाही, फोन करावा. पण तू फोनवर मला शब्द शिकवत बसतोस."

किटलीतलं पाणी कुरकुरायला लागलं होतं. निवेदक तिच्या पाठीकडे बघत होता. पाठीवर ब्लाउजची शिवण उसवलेली होती आणि तिथे दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने टाके घातलेले होते. शिळी बातमी शहरातल्या एका माणसाच्या लक्षात आली होती, आणि तीही न हटलेली सर्दी म्हणून.

"अक्का," तो म्हणाला, "खरं सांग. माझ्या बातम्या तुला कळतात?"

"तुझा आवाज कळतो."

"बातम्या."

"अरे, आवाज कळला की झालं. थकलायस का, जेवलायस का, ते कळतं. बायको गेली तेव्हा महिनाभर तू वाक्याच्या शेवटी खाली उतरायचास, तेही कळत होतं. बाकी त्या तुझ्या ह्याच्यात," तिने हवेत हात फिरवला, जणू तिथे पडदे टांगलेले होते, "नावं कळतात. गावांची, माणसांची. मध्ये मध्ये 'आणि' कळतं."

"किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"कळेनासं होऊन?"

"चहा घे," अक्का म्हणाली.

त्याने चहा घेतला. कालच्या पाण्याचा चहा. खिडकीत रेडिओ होता, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर भावोजींचा चष्मा. भावोजी बत्तीस वर्षं एका कारखान्यात बॉयलरवर होते. निवेदकाने बॉयलरचं 'बाष्पकुंड' केल्याचं त्यांना मोठ्या हौसेने येऊन सांगितलं होतं, तेव्हा ते गुडघ्यावर थाप मारून हसले होते. बॉयलरवर बत्तीस वर्षं काढली, पण तुझ्या बाष्पकुंडावर मी एक पाळी टिकायचो नाही बाबा. तुझा भाऊ आला की मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं, असंही ते अक्काला म्हणत, त्याच्यादेखत. हसत म्हणत, म्हणून तो हसत ऐकत असे. चष्म्याच्या काचा स्वच्छ होत्या. म्हणजे अक्का पुसत होती. आणि चष्म्यावरून त्याची नजर रेडिओवर गेली, रेडिओवरून सिंककडे, सिंकमधल्या कोरड्या नळाकडे, आणि मग त्याला थांबता आलं असतं तर तो थांबला असता. पण विचार म्हणजे लिफ्ट नव्हे, मधल्या मजल्यावर उतरता येत नाही. तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. या भागाच्या टाकीत घाण पाणी मिसळलं होतं. पालिकेचं पत्रक आलं, ते त्याने तीन दिवस ओळीने वाचलं. त्याला आपलं वाक्य आठवत होतं, कारण तो त्या वाक्यावर खुश होता. 'टाकी' बाहेरची म्हणून 'उन्नत संचय', 'घाण मिसळणं' गावंढळ म्हणून 'निर्मळत्वभंग', आणि उकळणं? उकळण्याचा शब्दही शंभर वर्षांपूर्वी मोठ्या भाषेतूनच आला, असा शोध टायपिस्टने मरण्यापूर्वी लावला होता. 'उन्नत संचयाचा निर्मळत्वभंग झाला असल्याने तदंतर्गत जल अग्निसंस्कारानंतरच सेव्य.' एका श्वासात बसणारं वाक्य. पत्रकात ते चार ओळींचं होतं. त्याने अक्काला फोन केला नव्हता. फोन कशाला करायचा? रेडिओवर सांगितलं होतं ना!

"भावोजी आजारी पडले," तो म्हणाला, "त्या आठवड्यात..."

"आता ते कशाला?"

"तुम्ही ऐकत होतात?"

अक्का समोर बसली. टेबलावरचा चहाचा ओला गोल तिने बोटाने पुसला, मग आणखी पुसला. "रोजच्यासारखे इथेच बसलो होतो," ती म्हणाली. "हे म्हणाले, आज तुझ्या भावाला सूर लागलाय. काय गोड बोलतो, लेकाचा. देवळात बसल्यासारखं वाटतं. असं म्हणाले, उठले, नळाखाली तांब्या धरला आणि उभ्यानेच पाणी प्यायले. मी ओरडलेसुद्धा, बसून प्या म्हणून."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पी-पी आवाज येत होता आणि थांबत नव्हता. तेवढी मोठी गाडी कोणती, असा एक अगदी निरुपयोगी विचार निवेदकाच्या मनात आला आणि त्याने तो घट्ट धरून ठेवला.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"यांचे दिवस झाल्यावर. खालची बाई म्हणाली, त्यांच्या भाषेच्या रेडिओवर सांगत होते म्हणे, उकळून प्या. म्हटलं, मग आमच्याही सांगितलं असेल. धाकट्याचा नेम चुकत नाही, सगळं वाचतो."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तू आलास तो रडतच आलास. नंतर रेडिओवर हे गेल्याचं वाचलंस. त्यातही नाव तेवढं कळलं. पण छान वाचलंस." तिने त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे बोट केलं. "ते काय?"

नको म्हणता म्हणता त्याने कागद दाखवला आणि दोन्ही प्रश्न सांगितले. सही नसेल तर काय होईल तेही सांगितलं, कारण अक्काने विचारलं. ती चष्मा शोधू लागली, तिचा सापडेना, तेव्हा तिने रेडिओवरचा भावोजींचा उचलून लावला. तिचे डोळे एकदम मोठे झाले. "ऐकते, होय. हे खरंच आहे. समजते," पेन थांबलं, "होय. घे."

"अक्का, हे खोटं आहे."

"मग? सहा वाजता मी काय करू? भिंतीकडे बघू?" तिने सही केली. मोठ्या भाषेच्या अक्षरात केली, कारण सही तिला तेवढीच येत होती. "सरकारला काय घरी येऊन माझी परीक्षा घ्यायचीय?"

सोमवारी आणि मंगळवारी सकाळी तो टेबलाशी बसून होता. समोर पालिकेचं पत्रक होतं. बुधवारी सकाळी सहापासून गुरुवारी रात्रीपर्यंत चार भागांचं पाणी बंद, त्यात अक्काचा भाग. सरळ काम होतं, एकतीस वर्षांत असं पत्रक शंभरदा तरी वाचलं असेल. त्याने अक्काच्या तोंडचं वाक्य लिहायला घेतलं आणि कागदावर 'धारामुख' उमटलं. खोडलं. खाली 'संचय' उमटला. खोडला. हात आपला आपण चालत होता, एखाद्या सवयीच्या घोड्यासारखा, मालकाला झोप लागली तरी रोजच्या दारापाशी नेऊन उभा करणारा. त्याला आईचं बोलणं आठवेना. आवाज आठवत होता, ती नळाखाली भांडं सरकवताना काहीतरी म्हणे तेही आठवत होतं, पण शब्दांच्या जागी स्वच्छ पुसलेल्या पाट्या होत्या. आपण आईवर समिती चढवली, मंगळवारवर मंगळवार. शेवटी त्याने रविवारची अक्का आठवली, तिचं खाकरणं आणि बादलीभर, आणि तिच्या मागोमाग एकेक शब्द, भिडस्त पाहुण्यासारखा, उंबऱ्याशी थांबत थांबत आत आला. फोन करून सांगता आलं असतं. त्याने रिसीव्हर उचललाही होता. पण फोनवर धाकट्याचा निरोप पोचला असता. आपली भाषा तिला वेळेवर काही सांगू शकते की नाही, हे कळलं नसतं, आणि आयुष्यात एकदा तरी त्याला ते कळून घ्यायचं होतं.

चार वाजता बाई काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाशेजारी येऊन बसल्या. फॉर्म पाहून त्यांनी अंगठा वर केला. एक सही, दोन होय. आता त्याने रोजच्यासारखं वाचलं की मिटलं. निवृत्तीपर्यंत, मरेपर्यंत, सहा ते सहा-दहा. हे त्याला नीट माहीत होतं, कलमही पाठ होतं. लाल दिवा लागला. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, उद्या नळाला पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा. उद्या बुधवार आणि परवा गुरुवार, दोन दिवस टाकी बंद आहे. मग त्याने चारही भागांची नावं घेतली, आणि अक्काच्या भागाचं नाव दोनदा घेतलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. तो उघडा होता, थोडा बायकी होता, त्यात स्वयंपाकघर होतं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने मान वर केली. सव्वीस वर्षांत त्याने बातम्या चालू असताना पहिल्यांदाच मान वर केली होती.

"अरे वा, मास्तर!" दिवा विझताच तो म्हणाला. "आज निम्मं कळलं की! नळ, टाकी, बुधवार, बंद. माझ्या मेहुणीचा भाग आहे तो, सांगायला हवं तिला."

बाई हसल्या नाहीत. त्या दारातून आत आल्या आणि मायक्रोफोनजवळ उभ्या राहिल्या. "मलाही कळलं," त्या म्हणाल्या. खेद होता त्यांच्या बोलण्यात, खरा होता. "हे तुम्ही असं का केलंत? मग हे वेगळं कशाला, असं मला विचारतील. मी काय लिहू?"

"कळलं असं लिहा."

"पुन्हा रेकॉर्ड करू या? वेळ आहे."

"नको," तो म्हणाला. "चढवा तेच."

ध्वनिमुद्रकाने जुन्या मंगळवारवर नवा मंगळवार चढवला. या खेपेला विसरला नाही.

घरी त्याने चहा केला नाही. सहाला रेडिओही लावला नाही, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि खोलीत ती दहा मिनिटं कशी असतात हे त्याला कळलं. फ्रिजची मोटर चालू होते, बंद होते. शेजारी कुणीतरी मोठ्या भाषेत टीव्हीवर हसतं. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.

"धाकट्या, तब्येत बरी आहे ना रे?" अक्का म्हणाली. "आज कुणी दुसराच बोलतोय असं वाटलं. बातम्यांसारखं वाटलंच नाही. आपल्या घरात कुणी बोलावं तसं काहीतरी."

"आवडलं नाही?"

"तुझं ते रोजचं छान असतं रे. गाण्यासारखं." तिच्यामागे पाण्याचा आवाज येत होता, पातेल्यात पडणारा, मग काठाशी येऊन बारीक झालेला. "थांब हं, नळ बंद करते." पावलं गेली, आवाज थांबला, पावलं परत आली. "भरलं बाई. दोन बादल्या, पातेली, किटली. त्यांचा तांब्याही भरला."

निवेदक भिंतीला टेकून उभा होता. भिंत गार होती. आता इतकंच विचारायचं होतं आणि ते विचारण्यात काही अर्थ नव्हता.

"उकळलंस का?"

"उकळायचं कुठे सांगितलंस तू? मी सगळं ऐकलं. नुसतं भरून ठेवा म्हणालास."

"हो," तो म्हणाला. "बरोबर. ती जुनी बातमी."